साइडमाउंटमध्ये शिसं किती आणि कुठे? दोन अ‍ॅल्युमिनियम ८०, पाय खाली आणि सिलिंडरची शेपटी वर

खंड्या
नमस्कार मंडळी. संच असा आहे: दोन अ‍ॅल्युमिनियम ८० (११.१ लिटर, २०७ बार), ५ मिमीचा पूर्ण वेटसूट, साइडमाउंट हार्नेस (सिलिंडर पाठीवर न घेता दोन्ही कुशींना अडकवतात तो), १५ किलो लिफ्टची विंग (हवा भरून उचल देणारी पिशवी). विंगमधली हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह खाली, नितंबाच्या बाजूला. पाणी समुद्राचं, खोली १५ ते ३० मीटर. शिसं ८ किलो, सगळं कमरपट्ट्यावर, दोन्ही बाजूंना चार-चार.

अडचणी तीन. पाय सतत खाली जातात. सिलिंडर अर्धी झाली की त्यांची शेपटी वर उचलली जाते आणि कुशीला समांतर राहत नाही. आणि शेवटी वर येताना ५ मीटरच्या सुरक्षा-थांब्यावर, ५० बार उरलेले असताना, विंग रिकामी केली तरी शरीर वर सरकतं.

तीन सल्ले मिळाले आहेत: आणखी २ किलो शिसं घे, सिलिंडरच्या बुडाला एकेक किलो बांध, स्टीलची सिलिंडर घे. यातलं कुठलं बरोबर?

---

पाणकावळा
तिन्हींपैकी आत्ता काहीच करू नका. तुमच्या तीन अडचणींतल्या दोन एकाच कारणाच्या आहेत आणि तिसरीचा शिशाशी संबंध नाही.

आधी साखळी बघा. ८ किलो कमरेवर आहे, म्हणून कंबर आणि पाय खाली जातात. पाय खाली गेले की विंगमधली हवा वर, खांद्यांच्या दिशेला सरकते. तुमचा डंप व्हॉल्व्ह खाली आहे. दोरी ओढली की दोन-चार बुडबुडे येतात, मग काहीच नाही, आणि वाटतं विंग रिकामी झाली. प्रत्यक्षात वरच्या टोकाला लिटरभर हवा अडकलेली असते. एक लिटर हवा म्हणजे समुद्रात एक किलोची उचल. थांब्यावर वर सरकता ते बहुधा या हवेमुळे. त्यावर उपाय म्हणून आणखी शिसं कमरेला लावलं की पाय आणखी खाली, हवा आणखी अडकलेली. साइडमाउंटमध्ये शिसं वाढत जातं ते याच वाटेनं.

आता आकडे. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम ८० व्हॉल्व्हसकट भरलेलं असताना साधारण ०.६५ किलो जड असतं, पूर्ण रिकामं असताना २ किलो हलकं. मधला फरक म्हणजे आतल्या हवेचं वजन, २.६५ किलो. दोन सिलिंडर मिळून ५.३ किलो. ५० बार राखून वर आलात तर त्यातली सुमारे ४ किलो तुम्ही वापरलेली असते.

५० बारला प्रत्येक सिलिंडर १.३५ किलो हलकं. त्याला लटकलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र), होज आणि गेज मिळून पाण्यात साधारण पाऊण किलो भरतात. उरली प्रत्येकी ०.६ किलोची उचल, दोन्हींची मिळून सव्वा किलो. म्हणजे तुमच्या ८ किलोंपैकी फक्त सव्वा किलो सिलिंडरसाठी लागतंय. उरलेलं पावणेसात किलो सूट आणि शरीर यांच्या नावावर आहे. ५ मिमीच्या सुटाला एवढं लागेलच असं नाही. शरीरयष्टीनं फरक पडतो, म्हणून इथे बसून आकडा सांगत नाही, पण तो मोजता येतो.

रेग्युलेटरचं पाण्यातलं वजन अंदाजानं धरू नका. सामान तोलायचा हातातला डिजिटल काटा घ्या, त्याच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागावर, धूळटोपी घट्ट बसवा, सगळा संच काट्याला टांगून पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा. बादलीच्या तळाला टेकू द्यायचा नाही. काटा दाखवेल तो तुमचा आकडा. सूटही मोजता येतो: मोठ्या टबात सूट बुडवून बाह्या-पाय दाबत दाबत अडकलेली हवा काढा, मग अर्ध्या-अर्ध्या किलोचे तुकडे बांधत जा. सूट जेमतेम बुडेल तेवढी त्याची उचल.

शिशाची खरी चाचणी मात्र पाण्यातच, आणि डाइव्हच्या शेवटी. सुरुवातीला सुटाच्या आत बुडबुडे असतात आणि श्वासही भरून घेतलेला असतो. अर्धवट सोडलेला श्वास सहज एक-दीड लिटर धरून ठेवतो. म्हणून:

१. दोन्ही सिलिंडर ५० बारला आणा. खोली ३ ते ५ मीटर, शेजारी खाली सोडलेली दोरी, सोबत जोडीदार.
२. विंग खरोखर रिकामी करा. आडवे व्हा, डोकं किंचित खाली, कंबर वर, आणि डंप ज्या बाजूला आहे ती कूस थोडी वर वळवा. दोरी ओढून धरा आणि दुसऱ्या हातानं विंगची विरुद्ध बाजू दाबा. बुडबुडे थांबल्यावरही तीन-चार सेकंद ओढून ठेवा.
३. फिन पूर्ण थांबवा. हात पुढे, नेहमीचा श्वास. सामान्य श्वास आत घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, असं व्हायला हवं.
४. श्वास घेतानाही खालीच जात असाल तर अर्ध्या किलोचा एक तुकडा जोडीदाराकडे द्या आणि पुन्हा तपासा. वर जात असाल तर एक घ्या.

तिसऱ्या पायरीत फिन थांबवणं सगळ्यात महत्त्वाचं. पाय खाली असताना मारलेली प्रत्येक लाथ शरीराला वर ढकलते. जड असलेला माणूससुद्धा अशा लाथांवर तरंगत राहतो आणि त्याला आपण हलके आहोत असं वाटतं.

भरलेल्या सिलिंडरवरच चाचणी करायची वेळ आली तर विंग रिकामी असताना तुम्ही ४ किलो जड असायला हवं. ते नेमकं तोलणं कठीण, म्हणून शेवटची चाचणी चुकवू नका.

जादा शिशाची किंमत काय ते एका उदाहरणात बघा. १० मीटरला विंगमध्ये ३ लिटर हवा आहे. ८ मीटरला आलात तर ती ३.३३ लिटर होते, उचल ३३० ग्रॅमनी वाढली. एक श्वास सोडून सावरता येतं. तिथेच विंगमध्ये ७ लिटर असेल तर ती ७.८ होते. पाऊण किलोहून जास्त उचल, आणि आता श्वासानं भागत नाही, डंप ओढावाच लागतो. उथळ पाण्यात बॉयन्सी (तरंगण्याचा समतोल) धरता येत नाही अशी तक्रार असते तेव्हा मला आधी शिशाचा आकडा विचारावासा वाटतो.

---

तळगाठ
वरच्या उत्तराशी सहमत. मी शेपटीबद्दल लिहितो, कारण ती बांधणीची गोष्ट आहे.

अ‍ॅल्युमिनियम ८० एकटं, रेग्युलेटरशिवाय, साधारण १५५ बारला समतोल होतं. रेग्युलेटरसकट १०० बारच्या आसपास. पण वजन सगळं व्हॉल्व्हच्या टोकाला असतं, म्हणून सिलिंडर अजून एकूण जड असतानाच त्याचं बूड हलकं होतं. शेपटी वर जाणं अटळ आहे. तिला कुठे अडवायचं एवढंच आपल्या हातात.

खालचा बोल्ट स्नॅप (सिलिंडर हार्नेसला अडकवायची कडी) मागच्या, नितंबाकडच्या डी-रिंगला लावला असेल तर बूड तिथून वर फिरायला मोकळं असतं. तोच स्नॅप कमरपट्ट्यावर पुढे, पोटाच्या बाजूच्या डी-रिंगला आणला की सिलिंडरचं बूड पुढे-खाली ओढलं जातं आणि ते पुन्हा कुशीला समांतर होतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमसाठी कमरपट्ट्यावर दोन जागा लागतात, किंवा सरकती डी-रिंग. १४० ते १२० बारच्या दरम्यान पुढे आणा, दोन्ही बाजू एकाच थांब्यावर. कृती: त्याच बाजूच्या हातानं सिलिंडरचं बूड मांडीकडे दाबून धरा, अंगठ्यानं स्नॅप उघडा, ८-१० सेंटिमीटर पुढच्या रिंगेत अडकवा, आणि सोडण्याआधी एकदा ओढून बघा.

स्नॅपची दोरी लांब असेल तर यातलं काहीच चालणार नाही. सिलिंडरवरच्या पट्ट्यापासून स्नॅपच्या मुळापर्यंत २-३ सेंटिमीटरच हवी. दहा सेंटिमीटरची सैल दोरी म्हणजे सिलिंडरला झोका बांधून दिल्यासारखं.

पट्टा सिलिंडरवर कुठे बसवायचा: व्हॉल्व्ह बंजीत (काखेजवळच्या ताणदार दोरीत) अडकवा, व्हॉल्व्ह काखेच्या लगेच खाली येईल अशी बंजी ठेवा, मग कमरपट्टा सिलिंडरला जिथे भिडतो तिथे खूण करा. पट्टा त्या खुणेवर किंवा दोन बोटं खाली. पट्टा फार खाली गेला की शेपटी मोकळी राहत नाही खरी, पण सिलिंडर पुढे सरकून व्हॉल्व्ह छातीसमोर येतो.

बंजीही तपासा. ती सैल असेल तर व्हॉल्व्ह काखेतून खाली लोंबतो आणि शेपटी होती त्यापेक्षा जास्त वर दिसते. शिसं हलवण्याआधी हे दुरुस्त करा, नाहीतर चुकीच्या बांधणीवर शिशाचा समतोल साधत बसाल. हात पुढे ताणले तरी व्हॉल्व्ह काख सोडत नसेल तर बंजीची लांबी बरोबर.

सिलिंडरच्या बुडाला शिसं बांधायचा सल्ला मला पटत नाही. शेपटी खाली येते हे खरं. पण अरुंद जागेत सिलिंडर सोडून पुढे ढकलायचं असेल, किंवा वर नावेत द्यायचं असेल, तेव्हा तुमच्या शिशातलं एक किलो त्याच्याबरोबर जातं. एका बाजूला हलके, एका बाजूला जड. साइडमाउंटमध्ये सिलिंडर काढलं तरी डाइव्हरचा तोल बिघडू नये, हीच तर या पद्धतीची खरी सोय आहे.

---

खोलपाणी
स्टीलबद्दल. इंटरनेटवर उलटसुलट सल्ले दिसतात त्याला कारण आहे. साइडमाउंटचं मूळ ब्रिटनमधल्या गुहांच्या पाण्याखालच्या बोळांत, पुढे ती फ्लोरिडाच्या झऱ्यांच्या गुहांमध्ये वाढली. तिथे पाणी २०-२२ अंश, डाइव्ह लांब, म्हणून ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरता येणारा सूट) आणि मोठी स्टीलची सिलिंडर. स्टीलचं बूड जड, म्हणून ते मागे नितंबांवरच्या पट्टीला टांगतात. मेक्सिकोत युकातानच्या गुहांत पाणी कोमट, सूट वेटसूट, सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून स्नॅप पुढे सरकवायची पद्धत. एकीकडचा हार्नेस घेऊन दुसरीकडची बांधणी केली की काहीच जुळत नाही. तुमचा संच दुसऱ्या घराण्यातला आहे, सल्लेही तिथलेच घ्या.

वेटसूटबरोबर स्टीलची जोडी घ्यायला माझा स्पष्ट विरोध आहे. १२ लिटर, २३२ बारच्या सिलिंडरमध्ये भरलेली हवाच ३.३ किलोच्या आसपास असते. दोन मिळून साडेसहा किलोच्या वर. स्टीलचं रिकामं सिलिंडर मॉडेलप्रमाणे शून्याच्या आसपास किंवा किलोभर जड. त्यावर रेग्युलेटर. आता ३० मीटरला जा: ४ बार दाबाखाली सुटाच्या निओप्रीन रबरातले बुडबुडे आकसतात, सुटाची निम्म्याहून जास्त उचल जाते. डाइव्हच्या सुरुवातीलाच विंग फाटली किंवा तिच्यात हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरची जोडणी सुटली तर हे सगळं वजन पायांच्या जोरावर वर न्यायचं आहे. आणि शिसं कमी आहे म्हणून टाकायलाही काही नाही, सगळं जडपण सिलिंडरमध्ये, ज्यातून तुम्ही श्वास घेताय. ड्रायसूट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे उचलीचं दुसरं साधन अंगावरच असतं.

तुमच्या आत्ताच्या संचावर हाच हिशेब मांडा. शिसं बरोबर असेल तर सुरुवातीला ४ किलो हवा. सुटाची उचल ४ किलो मोजलीत आणि त्यातली अडीच ३० मीटरला गेली असं धरा. एकूण साडेसहा किलो. १५ किलोची विंग त्याला भरपूर आहे, मोठी घेऊ नका. मोठ्या विंगेत हवा इकडून तिकडे पळायला जास्त जागा असते. पण विंग रिकामी असताना हे साडेसहा किलो तुम्ही पोहत वर नेऊ शकता का, ते सुरक्षित जागी, जोडीदार समोर असताना, दोरीच्या शेजारी करून बघा. जमत नसेल तर थोडं शिसं टाकता येण्यासारखं ठेवा.

इथे पाणकावळा यांच्या पंथातले काही लोक सगळं शिसं पाठीच्या कण्यावर पक्कं करतात. गुहेत, छताखाली ते बरोबर, तिथे चुकून सुटलेलं शिसं माणसाला छताला चिकटवतं. खुल्या समुद्रात मात्र दीड-दोन किलो कमरपट्ट्यावर, पटकन सुटणाऱ्या खिशात असावं असं माझं मत आहे. पृष्ठभागावर दमलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

---

मासोळी
थोडक्यात दोन गोष्टी ज्या राहून गेल्या.

फिन बघा. जड रबरी फिन पाण्यात बुडतात, आणि त्या शरीराच्या सगळ्यात लांबच्या टोकाला असल्यानं थोडंसं वजनही पाय खाली खेचतं. त्याच बादलीत फिन सोडून बघा: तळाला जाते की तरंगते.

गोड्या पाण्यात जाणार असाल तर शिसं कमी करा, पण फक्त स्वतःच्या वजनावर हिशेब करू नका. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं आणि हा फरक तुम्ही बाजूला सारलेल्या सगळ्या पाण्यावर पडतो, सिलिंडरसकट. माणूस आणि पूर्ण संच मिळून १२५ किलो असेल तर ३ किलोच्या आसपास शिसं कमी लागेल.

---

खंड्या
खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. टाकून देता येणारं थोडं शिसं खिशात ठेवायचं हे पटलं. दोन शंका उरल्या. कमरेवरचं शिसं पाठीवर नेताना नेमकं कुठून सुरुवात करायची? आणि डाइव्हच्या मध्यावर शरीर एका कुशीकडे कलतं, त्यालाही शिशानंच सावरायचं का?

---

पाणकावळा
कलण्याचं आधी. ते बहुतेक वेळा हवेच्या वापरामुळे असतं. दोन सिलिंडरमध्ये ४० बारचा फरक पडला की एक बाजू अर्ध्या किलोनं हलकी झाली. ३० बारचा फरक पडला की रेग्युलेटर बदला म्हणजे कल जाणवणार नाही, आणि एक बाजू बंद पडली तर दुसरीत पुरेशी हवा असेल. दोन्ही गेज सारखे असूनही कल राहिला तर विंगमध्ये हवा एका बाजूला जमतेय. तेव्हा विंगचा मधला इलॅस्टिक ताण तपासा. शिशाला हात लावायची पाळी त्यानंतर.

पाठीवर नेताना एक किलोचे चपटे तुकडे घ्या, जाड ठोकळे नकोत. कडा कानशीनं गोल करा आणि प्रत्येक तुकडा कापडी खिशात घाला. धारदार कोपरा विंगच्या आतल्या फुग्याला घासून घासून भोक पाडतो, आणि ते भोक जमिनीवर दिसत नाही. पहिल्या वेळी दोन किलो कमरेच्या सुटणाऱ्या खिशांत, दोन्ही बाजूंना एकेक. उरलेलं कण्याच्या रेषेत, खांद्याच्या पात्यांच्या खालच्या कडेपासून कमरेपर्यंत एकसारखं पसरून.

मग चाचणी. ५ मीटरला आडवे व्हा, गुडघे वाकवून फिन वर, हात पुढे, काहीही न हलवता तीस सेकंद. पाय खाली गेले तर सगळ्यात खालचा एक तुकडा सगळ्यात वर न्या. एका वेळी एकच. डोकं खाली गेलं तर उलट. चाचणी भरलेल्या आणि ५० बारच्या, दोन्ही अवस्थांत करा. दोन्हींत थोडा थोडा कल उरला तर तो श्वासानं आणि गुडघ्यांच्या वाकण्यानं सावरता येतो. एका अवस्थेत अगदी सपाट आणि दुसऱ्यात उभे असाल तर तळगाठ यांनी सांगितलेला स्नॅप पुढे घ्यायचा राहिला असणार.

एक काळजी घ्या. आडवं झाल्यावर पाठीवरचं शिसं शरीराच्या वरच्या बाजूला येतं. ते जास्त झालं तर उताणं पडायची ओढ लागते, विशेषतः दिवा किंवा रील हाताळताना. तसं जाणवलं तर एक तुकडा कण्यावरून काढून कमरेच्या दोन्ही बाजूंना विभागून लावा, पुढे पोटावर नको.

आणि ८ किलोंतून एकदम तीन काढू नका. आधी विंग नीट रिकामी करायला शिका, त्याच ८ किलोंवर. थांब्यावर वर सरकणं तिथेच बंद झालं तर शिसं कमी नव्हतं हे नक्की झालं. मग दर डाइव्हला शेवटच्या ५० बारवर अर्धा किलो काढत चला. वहीत पाणी, सूट, सिलिंडर, शिसं आणि त्याची जागा लिहून ठेवा. सूट बदलला किंवा त्याच सुटाला दोन-तीनशे डाइव्ह झाल्या की पुन्हा मोजा. निओप्रीन दबत दबत पातळ होतं आणि त्याची उचल कायमची कमी होते.

---

तळगाठ
एक जोड: सुटणाऱ्या खिशांची मूठ खालच्या बोल्ट स्नॅपच्या अगदी शेजारी ठेवू नका. स्नॅप पुढे घेताना हातमोज्यातल्या बोटांना दोन्ही सारखंच लागतं, आणि १३० बारला पाण्याच्या मध्यावर एक किलो सुटून गेलं तर उरलेली डाइव्ह डंपच्या दोरीवर काढावी लागते. खिसा स्नॅपपासून किमान वीतभर मागे.